धनको, रिणको आणि कर्जाच्या वर्णनाचा साचा: भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

१

ऋणव्यवहाराच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा व्याजाचा दर, सावकाराचा लोभ आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य या गोष्टींकडे जाते. कर्ज ज्या शब्दांत आणि ज्या क्रमाने लिहून ठेवले जाते, त्या लेखनाचाही एक स्वतंत्र इतिहास आहे, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली आहे. वस्तुतः तोंडी झालेला व्यवहार कागदावर उतरताना त्याच्या काही बाजू नोंदल्या जातात आणि काही गळून पडतात. जे नोंदले गेले तेवढेच पुढे न्यायासनासमोर उभे राहते. म्हणून कर्जाच्या वर्णनासाठी कोणता साचा वापरला जातो, हा प्रश्न केवळ लेखनपद्धतीचा न राहता न्यायाचा होतो.

हा प्रश्न आज नव्या रूपात समोर आला आहे. बँका आणि वित्तसंस्था आपल्या कर्जयोजनांची माहिती महाजालावर देतात. ती माणसाला वाचता येते, त्याचबरोबर यंत्रालाही उमजावी यासाठी मजकुराला ठरावीक नावांच्या खुणा जोडण्याची पद्धती रूढ झाली आहे. 'ही रक्कम', 'हा व्याजदर', 'ही मुदत', 'हे तारण' अशी लेबले मजकुराच्या त्या त्या अंशाला लावली जातात. या पद्धतीचे तंत्र नवे असले तरी तिचे तत्त्व मराठी लेखनपरंपरेला अपरिचित नाही. भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांच्या संदर्भात या साच्याची वाटचाल तपासणे उद्बोधक ठरते. कारण पंतसचिवांचे संस्थान, इंग्रजी अमलाची सीमा, विलीनीकरण आणि सातबाराचे संगणकीकरण असे नोंदींच्या इतिहासातील अनेक टप्पे या एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

२

ऋणपत्र कसे असावे याविषयी याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तपशीलवार नियम आहेत. वर्ष, मास, पक्ष व दिवस, उभय पक्षांची नावे, जाती, गोत्र, पित्याचे नाव ही पत्रात यावीत. ऋणकोने स्वतःच्या हाताने आपली संमती लिहावी. साक्षीदारांनी नावे घालावीत. आणि शेवटी लेखकाने, उभयतांच्या विनंतीवरून आपण हे लिहिले, असे नमूद करावे, असा त्या नियमांचा आशय आहे. मराठी खतांची रचना या चौकटीतूनच विकसित झालेली दिसते.

जुन्या मराठी खतांत आरंभी शकाचा व तिथीचा उल्लेख, त्यानंतर 'धनको नाम अमुक, रिणको नाम अमुक', मग कर्ज आपल्या 'आत्मकार्यालागी' घेतल्याचे विधान, रक्कम, व्याज, मुदत, गहाण असल्यास त्याचे वर्णन आणि अखेरीस साक्षी, असा क्रम आढळतो. यांतील 'धनको' आणि 'रिणको' हे शब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. मराठीत 'को' हा कर्तृवाचक प्रत्यय नाही. 'धनिकः' आणि 'नाम' यांचा संधी होऊन 'धनिको नाम' होते. त्याचप्रमाणे 'ऋणिको नाम'. खताच्या चौकटीतील हा संस्कृत तुकडा वारंवार लिहिला गेला आणि त्यातील संधीचा ओकार जणू शब्दाचाच अवयव होऊन बसला, अशी व्युत्पत्ती लावणे सयुक्तिक ठरते. म्हणजे नमुन्यातील एका रकान्याचे शीर्षक कागदावरून उतरले आणि माणसाचे नाव होऊन भाषेत नांदू लागले. शासकीय मराठीत आजही 'धनको' व 'ऋणको' हे शब्द वापरात आहेत. साचा भाषेला कसा घडवतो याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

साच्यातील इतर शब्द निरनिराळ्या थरांतून आले आहेत. 'व्याज', 'गहाण', 'तारण' हे शब्द संस्कृत कुळातले. 'कर्ज', 'मुदत', 'जामीन', 'वसूल', 'खत' हे मूळ अरबी, फारसीच्या द्वारे आलेले. तर 'हप्ता' हा फारसीतील आठवड्याचा वाचक शब्द मराठीत ठरावीक काळाने फेडावयाच्या रकमेला लागू झाला. राज्यकर्ते बदलले तसे रकान्यांचे शब्द बदलले. परंतु कोणी दिले, कोणी घेतले, किती, कशावर आणि केव्हापर्यंत, हा रकान्यांचा संच मात्र बव्हंशी स्थिर राहिला.

३

या स्थैर्याचे एक कारण लिपीत आहे. खते मोडीत लिहिली जात. मोडीमध्ये आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिण्याचा प्रघात होता. शब्दांमध्ये अंतर सोडले जात नसे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. अशा लेखनात वाचकाला आधार असे तो ठरावीक शब्दांचा आणि ठरावीक क्रमाचा. 'नाम' आले की पुढे व्यक्ती येणार, 'सदरहू' आले की मागील उल्लेखाकडे वळावयाचे, 'दस्तुर' आले की लिहिणाऱ्याचे नाव येणार, हे जाणत्या वाचकाला ठाऊक असे. हे शब्द अर्थ सांगतच, शिवाय मजकुराचे विभागही पाडीत. आजच्या महाजालावरील खुणांचे कार्य नेमके हेच आहे.

खताडाखोडीविरुद्धही साच्यात तरतूद होती. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहावयाची, आणि पुष्कळदा तिची निमपटही सांगावयाची, म्हणजे एक आकडा बदलला तर दुसरा साक्ष देई. अक्षरशत्रू शेतकरी सहीऐवजी नांगराची निशाणी करी. ही निशाणी नामाची जागा घेत असली तरी तिच्यातून एक विषमताही प्रकट होते. खतात ज्याचे सर्वाधिक पणास लागलेले असे, त्यालाच ते वाचता येत नसे. लिहिणारा बहुधा कुळकर्णी, ठेवणारा सावकार, आणि निशाणी करणारा कुणबी, अशी या कागदाच्या स्वामित्वाची वाटणी होती.

भोरच्या संदर्भात येथे एका योगायोगाचा निर्देश करणे अस्थानी ठरणार नाही. शिवकालीन अष्टप्रधानांत सचिवाचे, म्हणजे सुरनिसाचे, काम राजपत्रे तपासून त्यांतील अधिकउणे दुरुस्त करणे आणि हिशेब पाहणे हे होते. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले आणि त्यांच्या वंशाकडे भोर संस्थान राहिले. कागद तपासणे हेच ज्या पदाचे मूळ कर्तव्य, त्या पदाचे नाव धारण करणाऱ्या घराण्याची सत्ता रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे या मुलखावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली.

४

साचा निर्दोषपणे भरला म्हणून वर्णन सत्य होतेच असे नाही, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये प्रकर्षाने सिद्ध झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी न झालेल्या साध्या खतावरील दाव्याची मर्यादा तीन वर्षांवर आणली. ऋणकोचे हित व्हावे हा त्यामागील हेतू. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत टळू नये म्हणून सावकार दर तीन वर्षांच्या आत नवे खत करून घेऊ लागले. जुने मुद्दल आणि त्यावरील थकलेले व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून लिहिली जाई. नव्या कागदावर धनको, रिणको, रक्कम, दर, मुदत, साक्षी सर्व काही यथास्थित असे. आणि तरीही तो कागद घडलेल्या व्यवहाराविषयी मूलतः असत्य बोलत असे. शेतकऱ्याच्या हातात जी रक्कम कधी पडलीच नाही, ती त्याने घेतली असे त्याच्याच निशाणीने शाबीत होई. दिवाणी न्यायालय कागदातील शब्दांवर विसंबून निवाडा देत असल्याने ते असत्य हुकूमनाम्याच्या बळाने शेतापर्यंत पोहोचे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जो उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, त्याचे वैशिष्ट्य या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. जमावाचा मुख्य रोख खतांवर होता. कागद ताब्यात घेऊन जाळणे हा उद्देश. जेथे सावकारांनी खते स्वाधीन केली तेथे बळाचा वापर त्या मानाने कमी झाला. शेतकऱ्यांनी पैशापेक्षा लेखाला लक्ष्य केले, यावरून कागदातील वर्णनाचे सामर्थ्य त्यांना किती अचूक उमगले होते हे दिसून येते.

उठावाच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. त्याच्या तरतुदी वर्णनाच्या साच्याच्या दृष्टीने तपासल्या तर चार गोष्टी प्रामुख्याने आढळतात. एक, शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, आणि ते वाचून दाखविल्यावर पक्षकारांनी त्यावर सही करावी. दोन, मोबदल्याचे स्वरूप पूर्णपणे लिहावे, तो समक्ष दिला गेला किंवा नाही याचा शेरा असावा, आणि नवे खत जुन्या खताऐवजी होत असेल तर जुने हजर करून त्याचे वर्णन नव्यात यावे. तीन, मूळ खत एका पक्षाकडे गेले तर प्रमाणित नक्कल दुसऱ्यास मिळावी. शिवाय पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा अधिकार ऋणकोस असावा. चार, वाद झाल्यास न्यायालयाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास पाहावा आणि मुद्दल व व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत.

या चारही तरतुदींचे सार असे की, वर्णनाला त्याचा इतिहास जोडला पाहिजे आणि ते वर्णन ऋणकोच्या कानी व हाती पोहोचले पाहिजे. हा कायदा आज अस्तित्वात नाही. परंतु कर्जाच्या नोंदीविषयीचा तो विचार शिळा झालेला नाही.

५

भोर संस्थान ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर असल्याने तेथील खेड्यांना १८७९ चा कायदा आपोआप लागू नव्हता. परिणामी हवेली किंवा पुरंदर तालुक्यातील शेतकऱ्याचे खत आणि सीमेपलीकडील भोर संस्थानातील शेतकऱ्याचे खत भाषेने, लिपीने व रकान्यांनी सारखे असले, तरी त्यांच्यामागे उभ्या असलेल्या न्यायव्यवस्था भिन्न होत्या. एकसारखा साचा म्हणजे एकसारखा अर्थ नव्हे, हे या सीमेवरून शिकण्यासारखे आहे.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रांताचे कायदे या परिसरास लागू होत गेले. त्यांपैकी १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकाराने रोजकीर्द व खातेवही ठेवावी आणि कर्ज देताना ऋणकोस लेखी विवरण द्यावे, असे बंधन घातले. कर्जाची रक्कम व तारीख, परतफेडीची मुदत, तारणाचे स्वरूप, उभयतांची नावे व पत्ते आणि व्याजाचा दर या बाबी त्या विवरणात अपेक्षित होत्या. रकाने जवळजवळ खताचेच. पण कागदाची दिशा बदलली. खत रिणकोने धनकोस लिहून द्यावयाचे, तर विवरण धनकोने रिणकोस द्यावयाचे. त्या कायद्याची जागा २०१४ साली महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने घेतली.

याच काळात कर्जाच्या नोंदीस जमिनीच्या अभिलेखातही स्थान मिळाले. सातबारा उताऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा 'बोजा' दाखविला जातो, आणि त्यास आधार असतो तो फेरफाराच्या नोंदीचा. फेरफार क्रमांकामुळे चालू नोंद मागील नोंदीशी जोडली जाते. १८७९ च्या कायद्यातील 'जुन्या खताचे वर्णन नव्यात यावे' या तत्त्वाशी तिचे नाते उघड आहे. २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यावर भोर-वेल्ह्याच्या खातेदाराचा बोजाही संगणकावर वाचता येऊ लागला.

तथापि नावांचे ऐक्य ही येथे एक अडचण आहे. राजगड हे भोर संस्थानातील एका तालुक्याचे नाव होते. विलीनीकरणानंतर 'वेल्हे' हे नाव रूढ झाले. आणि २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास मान्यता दिली. नाव तेच म्हणून सीमाही त्याच, असे मानता येत नाही. जुन्या खतातील 'राजगड', मधल्या उताऱ्यातील 'वेल्हे' आणि नव्या नोंदीतील 'राजगड' हे वाचणाऱ्या माणसाला संदर्भाने उलगडतील. यंत्राला मात्र प्रत्येक नावाबरोबर त्याचा काळ सांगावा लागेल.

६

आता महाजालावरील साच्याकडे वळता येईल. २०११ साली गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी मिळून 'स्कीमा डॉट ऑर्ग' नावाचा शब्दसंग्रह सुरू केला. पृष्ठावरील माहितीस कोणती लेबले लावावीत याची ती एक सामाईक सूची आहे. कर्जाविषयी तीत दोन निरनिराळ्या संज्ञा आढळतात. 'लोन ऑर क्रेडिट' ही संज्ञा कर्जाकडे विक्रीस ठेवलेली वित्तीय वस्तू म्हणून पाहते. रक्कम, चलन, मुदत, कर्जाचा प्रकार, आवश्यक तारण, परतफेडीची रीत, व्याजदर, वार्षिक टक्केवारी असे तिचे गुणधर्म. 'लेंड अॅक्शन' ही दुसरी संज्ञा क्रिया दर्शविते. परत मिळण्याच्या बोलीवर वस्तू देणे, असा तिचा अर्थ असून तीत घेणाऱ्यासाठी जागा आहे. आणि तिची प्रतियोगी म्हणून 'बॉरो अॅक्शन' ही संज्ञा दिलेली आहे, जीत देणाऱ्यासाठी जागा आहे.

मराठी खताशी तुलना करता दोन भेद स्पष्ट होतात. खतात व्यक्ती प्रथम येत आणि रक्कम नंतर. 'लोन ऑर क्रेडिट'च्या वर्णनात कर्जदारासाठी स्वतंत्र रकानाच नाही. कारण ते अद्याप न झालेल्या व्यवहाराचे आमंत्रण आहे. याला दोष म्हणता येणार नाही, पण जाहिरात आणि करार यांतील अंतर अभ्यासकाने विसरू नये. दुसरा भेद अर्थच्छटांचा आहे. इंग्रजीतील एका क्रियापदात सामावणारे व्यवहार मराठी वेगळे ठेवते. शेजारणीकडून वाटीभर पीठ 'उसने' आणले की तेवढेच दुसरे पीठ परत करावयाचे, व्याज नाही. पाटा किंवा औत 'मागून' आणले की तीच वस्तू परत द्यावयाची. दुकानातून 'उधार' आणले की वस्तू आपली झाली, देणे राहिले पैशाचे. 'कर्ज काढले' की व्याज आले. रोमन कायद्यानेही तीच वस्तू परत करण्याचा आणि तशीच वस्तू परत करण्याचा व्यवहार वेगळा मानला होता. मावळच्या भातशेतीत 'सावड' म्हणून एकमेकांच्या शेतावर श्रम देण्याघेण्याची जी रीत आहे, तीत तर परत येतात ते श्रमच. आणि धान्य 'वाढीदिढी'ने घेतले म्हणजे एका मणाचे दीड मण फेडावयाचे. ते दिसते उसन्यासारखे, पण असते कर्ज. हे भेद नोंदविण्याची सोय साच्यात नसेल तर दिढीचे धान्य 'परत करावयाची वस्तू' या निरुपद्रवी लेबलाखाली लपून जाईल.

७

रकाने पूर्ण भरलेले असूनही वर्णन फसवे असू शकते, हा १८७५ चा धडा आजच्या व्यवहारासही लागू पडतो. व्याजदराच्या लेबलापुढे लहान आकडा लिहावा आणि प्रक्रियाशुल्क, विमा, दंड यांचा भार अन्यत्र ठेवावा, हे थकलेल्या व्याजाला मुद्दल म्हणण्याच्या जुन्या युक्तीचेच भावंड होय. भारतीय रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने किरकोळ व लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र आवश्यक केले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या कर्जांना ते लागू झाले. व्याजासह सर्व आकार धरून येणारी वार्षिक टक्केवारी त्यात द्यावी लागते. ते कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे लागते. आणि त्यात न दाखविलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. ग्रामनोंदणी अधिकाऱ्याने खत वाचून दाखवावे, या तरतुदीचे हे दूरचे वारस म्हटले पाहिजे.

यावरून महाजालावरील लेबलांची योग्य जागाही निश्चित करता येते. विवरणपत्रातील वार्षिक टक्केवारी आणि पृष्ठामागील लेबलातील आकडा एकच असला पाहिजे, आणि दोन्ही पृष्ठावरील डोळ्यांना दिसणाऱ्या मजकुराशी जुळले पाहिजेत. लेबल यंत्रासाठी आणि मजकूर माणसासाठी, अशी वाटणी होऊन दोहोंत अंतर पडू लागले, तर मोडी वाचू न शकणाऱ्या कुणब्याची अवस्था पडद्यासमोर बसलेल्या साक्षर कर्जदाराच्याही वाट्याला येईल. कारण लेबले त्याला दिसत नाहीत. आणि योजनांची तुलना करून त्याच्यापुढे क्रम मांडणारे यंत्र वाचते ती लेबलेच.

सारांश, याज्ञवल्क्याच्या नियमांपासून सातबाराच्या संगणकीय उताऱ्यापर्यंत कर्जाच्या वर्णनाचे रकाने फारसे बदललेले नाहीत. ते कोणी भरावयाचे, कोणी वाचावयाचे आणि नक्कल कोणाच्या हाती राहावयाची, एवढे बदलत गेले आहे. भोर-वेल्ह्याच्या एखाद्या घरात आजोबांचे मोडी खत, वडिलांच्या काळचा सातबारा आणि मुलाचे विवरणपत्र एकाच पेटीत सापडले, तर त्या तीन कागदांची कसोटी एकच राहील: रिणकोच्या नावापुढे जे लिहिले आहे ते रिणकोला वाचता येते काय, आणि जे घडले तेच लिहिले आहे काय.